हंड्याखालची राख

धूर आधी स्वयंपाकघरात शिरला, तिथून देवघरात, आणि सव्वाआठच्या सुमारास पुढच्या खोलीत पाटावर ठेवलेल्या नरसिंहरावांच्या फोटोपर्यंत येऊन पोचला. भव्यानं वडिलांचा फोटो उचलला, ओढणीनं काच पुसली आणि दाराबाहेरच्या कट्ट्यावर उन्हात नेऊन ठेवला. वर्षश्राद्ध ज्यांचं, त्यांनाच सकाळी सकाळी घराबाहेर काढायची वेळ आली होती. अप्पा असते तर हसले असते, असं तिला वाटलं. मग वाटलं, नसते हसले. सरळ मागं जाऊन चूल बघितली असती.

भटजी साडेदहाला यायचे होते. त्याआधी घरातल्या पाच माणसांच्या डोक्यावरून अंघोळी व्हायला हव्या होत्या, आणि आईनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, आजचं पाणी गॅसवर तापवायचं नाही. हंड्यातलंच पाहिजे. गेलं वर्षभर त्या चुलीला कुणी हात लावला नव्हता.

मागच्या पडवीत उमाजीकाका चुलीच्या तोंडाशी उकिडवे बसून फुंकर घालत होते. नरसिंहरावांचे, त्यांच्या अण्णाचे, हे धाकटे भाऊ. वय बहात्तर, पण अण्णा गेल्यापासून घरातलं मोठं माणूस आपण, म्हणून पेटवायचा मान त्यांनी मागून घेतला होता. आता त्यांचे डोळे लाल झाले होते आणि मिशीवर राख बसली होती.

"काका, उठा. पुरे झालं," भव्याचा धाकटा भाऊ अभिराज म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या महादेवपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये नळ फिरवला की गरम पाणी पडतं. चुलीतलं तुला काय कळतं?"

"मला नाही कळत. पण धूर कळतो. शेजारच्या आजी दोनदा येऊन गेल्या, काय जळालं म्हणून."

"स्वल्प थांब. आता धरेल."

धरली नाही. लाकडाच्या टोकाला पिवळी जीभ दिसायची, आणि काकांनी फुंकर थांबवली की आत ओढली जायची. चुलीचं तोंड पडवीत होतं आणि भिंतीपलीकडे न्हाणीत तो तांब्याचा हंडा, काठापर्यंत विटांत बसवलेला. नरसिंहराव एका रेशीम गिरणीत बॉयलरवर होते. बनशंकरी भागातलं हे घर बांधताना त्यांनी आधी चूल बांधून घेतली आणि मग तिच्याभोवती घर, असं काका नेहमी म्हणायचे. जाळी, लोखंडी दार, धुराड्यातली झडप, सगळं त्यांनी स्वतः करून आणलं होतं. सदतीस वर्षं या घरातलं प्रत्येक माणूस त्या हंड्यातल्या पाण्यानं न्हालं होतं.

"अक्का, तू इथं आहेस ते बरंच झालं, आत्ताच सांगतो," अभिराज म्हणाला. "सोमवारी शिवाप्पा येतोय. गवंडी. अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणाला. हंडा बाहेर, विटा बाहेर, गीझर आत."

भव्यानं वळून बघितलं. "परवा? आणि मला आज सांगतोस?"

"तू पुण्याला असतेस. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मी कधी रडले फोनवर?"

"नाही रडलीस. गप्प बसली असतीस. ते जास्त वाईट असतं." त्यानं आवाज खाली घेतला. "आईचे गुडघे बघतेस ना? तिची छाती बघतेस? ती एकटी असते इथं. एखाद्या दिवशी तिच्या मनात आलं आणि ती इथं बसून पेटवायला लागली तर?"

खरं होतं, म्हणूनच भव्याला राग आला. ती दर मे महिन्यात आणि दर दिवाळीला पुण्याहून यायची. रात्रभराच्या बसचं अंग घेऊन दारात उभी राहायची, आणि अप्पा आतून म्हणायचे, आधी अंघोळ, मग गप्पा. त्या पाण्याला एक वास असायचा, तांब्याचा आणि नारळाच्या करवंटीचा. पुण्याच्या घरात तिनं दोनदा तांब्याची बादली आणून बघितली होती. वास आला नाही. वर्षभर तिला दुसरं काही नको होतं. एकदा त्या पाण्यानं न्हायचं होतं. आणि परवा ती चूल फुटणार होती.

"काका, तुम्ही सांगा की त्याला," ती म्हणाली.

उमाजीकाकांनी काल रात्री जेवताना गीझरचा नुसता विषय निघाला तर हात आपटून सांगितलं होतं की अण्णाची चूल हलता कामा नये. आता ते भिंतीला धरून उठले, खोकले आणि म्हणाले, "नाही ग बाळ. अण्णाबरोबरच गेली ती. काही वस्तूंना मालक कळतो. अभी, आजच बोलाव त्या शिवाप्पाला."

"आज श्राद्ध आहे काका."

"मग सोमवारी. सरी, चालेल."

दिव्यश्री, अभिराजची बायको, इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला उडदाचं वाटण लागलेलं. ती बेळगावची, सहा वर्षांची लेक संहिता या वेळी तिथंच आजोळी ठेवली होती. लग्नाला आठ वर्षं झाली तरी भव्याला तिच्याशी काय बोलावं ते नीट सुचत नसे. गीझरची कल्पना तिचीच असणार, असं भव्यानं मघाशीच मनात ठरवून टाकलं होतं. दिव्यश्री पुढं आली, हात धुतला आणि चुलीच्या जाळीखालच्या भोकाशी उलटा तळवा धरला. झोपलेल्या मुलाच्या नाकाशी धरतात तसा.

"खालून वारा नाही," ती म्हणाली. "राखेचा कप्पा गच्च भरलाय. आणि वरची झडप अर्धी बंदच आहे की. धूर जाईल कुठं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तुला काय माहीत?" अभिराज म्हणाला.

"मामांनी शिकवलं," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. "संहिता झाली तेव्हा चाळीस दिवस मी इथंच होते न्हवं? पहिले वीस दिवस त्यांनी पाणी तापवलं. पुढं म्हणाले, तू हिंडू-फिरू लागलीस, आता तू शिक. पुढचे वीस दिवस मीच पेटवत होते."

"सहा वर्षांत मला बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

काका हसले आणि लगेच खोकले. भव्या हसली नाही. पंधराव्या वर्षी तिनं अप्पांना विचारलं होतं, मला दाखवा ना. तिशीत पुन्हा विचारलं होतं. दोन्ही वेळा तेच उत्तर. तू वाच, पाणी झालं की सांगतो. तिला ते लाड वाटायचे. वाचत बसलेल्या मुलीला अप्पा उठवत नाहीत, हे ती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची. आणि ज्या सुनेशी ते दिवसाला चार वाक्यं बोलायचे, तिला त्यांनी वीस दिवस शेजारी बसवून आगीची सगळी विद्या देऊन टाकली होती.

"मग काढ ती राख," अभिराज म्हणाला. "पंधरा मिनिटांत होईल ना?"

"राखेला हात लावायचा नाही."

आई दारात उभ्या होत्या. सकवारबाईंचा आवाज कधीच मोठा नसे, आताही नव्हता. एका हातानं चौकट धरून त्या गुडघ्यावरचा भार सांभाळत होत्या.

"आई, राख काढल्याशिवाय पेटणार नाही," भव्या म्हणाली.

"मग नाही पेटली तर नाही. थंड पाण्यानं करीन."

"तूच म्हणालीस ना, हंड्यातलंच पाणी पाहिजे?"

"म्हणाले." आई त्या काळ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "त्या दिवशी सहाला पेटवली त्यांनी. अंघोळ केली. कॉफी घेतली, अर्धी. पेपर उघडला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सगळे संध्याकाळी पुढं बसला होतात, मी इथं आले. आत हात घातला. राख कोमट होती ग. ते गार पडले होते, आणि ती अजून कोमट होती." त्या थांबल्या. "ती कुणी काढायची नाही."

अभिराजनं खिशातला फोन काढला आणि न बघताच परत ठेवला. भव्याला तिसऱ्या दिवसाची सकाळ आठवली. अभिराज आणि काका राख सावडायला गेले होते. तीही चप्पल घालून निघाली, तेव्हा काका म्हणाले होते, बायका येत नाहीत. ती चप्पल काढून आत आली. ते परत आले तेव्हा तिला फक्त पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेलं एक मडकं दिसलं. ते फडकं कुणी बांधलं होतं, गाठ कशी मारली होती, एवढंच तिला सांगता आलं असतं.

"अत्ती," दिव्यश्री म्हणाली. सासूला ती बेळगावच्या सवयीनं अशीच हाक मारायची. "सगळी नाही काढायची."

"म्हणजे?"

"मामा सगळी कधीच काढत नव्हते. जाळीवर बोटभर ठेवायचे. खाली राखेची गादी असली की निखारा टिकतो, लाकूड कमी लागतं. मी पहिल्यांदा झाडून पुसून चकचकीत केली तर रागावले माझ्यावर. म्हणाले, बोटभर रोजच राहिली पाहिजे."

"रोज?"

"रोज. आजच्यात कालची. कालच्यात परवाची."

सकवारबाईंचे ओठ हलले, बहुधा त्या मनात मागं मागं जात होत्या.

"म्हणजे त्यात घर बांधलं तेव्हाची पण असेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"थोडी असेल की."

"सदतीस वर्षं मी इथं न्हाले. हे मला बोलले नाहीत." त्यांच्या आवाजात तक्रार होती, जुनी, नवऱ्याशी करायची तशी. "भव्याला काढू दे. वरची वरची. आणि कचऱ्यात नाही, नारळाच्या बुंध्याशी घालायची. ते तिथंच घालत."

उमाजीकाकांनी तोंड उघडलं. भव्यानं त्यांच्याकडे बघितलं. काका बाजूला झाले आणि पत्र्याची छोटी फावडी त्यांनीच तिच्या हातात दिली.

राख मऊ असेल असं तिला वाटलं होतं. तशी नव्हती. पावसाळाभराची ओल खाऊन ती थराथरानं घट्ट झाली होती. फावडीनं खरवडावी लागत होती. वर करडी, खाली पांढुरकी. करवंटीचा एक कोळसा अख्खा निघाला. खोक्याच्या फळीतला एक वाकडा खिळा निघाला. खिळे आधी उपटून घ्यायची अप्पांची पद्धत. हा त्यांच्या नजरेतून सुटला असावा. डोळे कमी झाले होते का त्यांचे? तिला माहीत नव्हतं. तिनं खिळा बाजूला ठेवला आणि तुपाच्या जुन्या डब्यात राख भरत राहिली. तीन डबे झाले. तिन्ही डबे तिनं एकटीनं नारळाशी नेले. तिसऱ्या वेळी अभिराज दार उघडायला पुढं आला, तेव्हा ती "असू दे" म्हणाली, आणि तो मागं झाला.

"बास, अक्का," दिव्यश्री म्हणाली. "एवढी राहू दे."

काकांनी घातलेली लाकडं तिनं आधीच बाहेर काढून टाकली होती. आता चुलीवरच्या फळीवरून दोन ढलप्या घेतल्या आणि एकमेकींवर आपटल्या. टण्ण आवाज आला. "ही वाळलेली. काकांनी अंगणातली घातली होती, ती दबका आवाज करतात. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी तापवतं, मग आपलं."

"अण्णाचंच वाक्य," काका पुटपुटले.

झडप तिनं पूर्ण उघडली. मग धुराड्याच्या पायथ्याशी असलेली लहान खिडकी उघडून आत कागदाचा पेटता बोळा टाकला. "नळी गार असली की धूर खाली ढकलते. आधी नळीला ऊब द्यायची." बोळा भुर्रकन वर ओढला गेला. मग करवंट्या, बारीक ढलप्या, वर एकच जाड लाकूड. काडी लावली. आवाज आला, खर्जातला, चूल श्वास घेत असल्यासारखा, आणि पडवीतला धूर बघता बघता पातळ झाला.

भव्या तिच्या मागं उभी राहून बघत होती. दिव्यश्रीच्या हातांची ती लगबग, झडप जरा मागं घेऊन मान कलती करून आवाज ऐकणं. हे हात अप्पांचे होते. दुसऱ्याच बाईला लावलेले.

साडेदहापर्यंत सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. अभिराज आत गेला तो वीस मिनिटं बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे काकांपेक्षा लाल होते आणि त्यानं कुणाकडे बघितलं नाही. पिंड झाले, कावळ्याला पान ठेवलं, भटजी जेवून गेले. दुपारी सगळे पुढच्या खोलीत टेकले तेव्हा अभिराज म्हणाला, "मी शिवाप्पाला नको म्हणून सांगतो."

"का रे?" आईनं विचारलं.

"चालते आहे ना चांगली. राहू दे."

"येऊ दे त्याला."

भव्या ताठ बसली. "आई?"

"सोमवारी येऊ दे."

"पण सकाळी तूच राखेला हात लावू देत नव्हतीस."

"राखेला नव्हते देत. चुलीचं मी कधी बोलले?" सकवारबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "अभी, तू आज जाशील. दिव्या जाईल. ही उद्या रात्री बसमध्ये बसेल. परवा सकाळपासून कोण पेटवणार? मला वाकता येत नाही. मी रोज उठून गार चुलीकडे बघत बसू? वर्षभर तेच केलं मी. आता नको."

"मी येईन दर शनिवारी," अभिराज म्हणाला.

"येशील. दोन शनिवार."

काकांनी मान हलवली, या वेळी वहिनीच्या बाजूनं. भव्या त्यांच्यात सगळ्यात जास्त पुस्तकं वाचलेली. तिच्याकडे याला उत्तर असायला हवं होतं. तिनं शोधलं. पुण्याची नोकरी सोडून येते, असं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि ते खोटं आहे हे तिला तिथंच कळलं. आईलाही कळलं असतं.

ती उठून मागं गेली. दिव्यश्री भांडी विसळत होती.

"मला शिकव," भव्या म्हणाली.

दिव्यश्रीनं मागं वळून बघितलं. "आत्ता? पेटलेल्या चुलीवर काय शिकवणार अक्का? गार होऊ दे आधी."

"थांबते."

मग बराच वेळ दोघी पडवीच्या पायरीवर बसल्या. "तुला वाटलं असेल ना," भव्या म्हणाली, "की मला येत असेल?"

"येत नाही ते ठाऊक होतं. मामाच म्हणाले होते." दिव्यश्रीनं पदराला हात पुसला. "मी विचारलं, भव्याअक्कांना येतं का. तर म्हणाले, नाही, तिला शिकवलं तर मी काय करू ती आल्यावर?"

भव्यानं हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. नखांत अजून राख होती. दिव्यश्री उठून चुलीत डोकावली. "झाली गार. या," ती म्हणाली.

रविवारी सकाळी घरात आई आणि भव्या दोघीच होत्या. पहिला कागद विझला. दुसऱ्या वेळी ती झडप उघडायला विसरली आणि धूर तोंडावर आला. तिसऱ्या वेळी तो खर्जातला आवाज आला. तिनं एक लाकूड घातलं. ते धरलं, तेव्हा दुसरं. जाळ स्वच्छ होता, बुडाशी निळसर, आणि त्याच्याकडे बघताना वेळ कसा गेला तिला कळलं नाही. तिसरं घातलं. दिव्यश्रीनं दोन सांगितली होती. तिनं चौथंही घातलं. फळीवरच्या ढलप्या उद्या कुणाला लागणार होत्या?

"भव्या, काय चाललंय ग?" आई न्हाणीतून ओरडल्या. "इथं भात शिजेल!"

ती आत धावली. हंड्यात पाणी उकळ्या मारत होतं, न्हाणीचा आरसा वाफेनं आंधळा झाला होता, आणि आई टॉवेल खांद्यावर टाकून, भिंतीला टेकून हसत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा.

"जास्त झालं," भव्या म्हणाली. "बादलीभर गार घालते हंड्यात."

"नको." सकवारबाईंनी पायानं एक स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसल्या, सावकाश, गुडघा धरून. भिंतीपलीकडे लाकूड तडकलं. हंड्यातलं पाणी काठाशी उसळत होतं आणि सगळ्या न्हाणीत तांब्याचा आणि करवंटीचा वास भरून राहिला होता.

"बस इथं," आई म्हणाल्या. "आपोआप निवू दे."